जानव्याची किल्ली

शाळेतले किस्से खडूच्या भुकटीसारखे असतात बघा. कितीही झटका, घरी येऊन बघावं तर पदराला आहेतच! मला रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी धारवाडात मळमड्डीच्या बाजारात भाजी घेताना आमचा शिपाई बसण्णा भेटला की आम्ही दोघं भर रस्त्यात हसत सुटतो. भाजीवाली विचारते, "एनाय्त री बाई?" काय झालं म्हणे! आता तिला कुठून सांगायला सुरुवात करू? बसा, तुम्हालाच सांगते.

०

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धारवाडातली आमची मराठी शाळा आणि हेडमास्तर कित्तूरकर सर. माणूस देव हो, पण विश्वास म्हणून कुणावर नाही! सरांनी हात दाखवल्याशिवाय घंटा पडायची नाही. ऑफिसातल्या फोनच्या डायलला कुलूप, म्हणजे बाहेरून फोन यायचा, आपल्याला करता यायचा नाही. आणि लाकडी कपाटाची किल्ली? ती सरांच्या जानव्याला!

रजिस्टरं त्याच कपाटात, खडूही त्यातच. एक खडू मागा, सर शर्टाचं दुसरं बटण काढायचे, जानवं ओढायचे. ते पुरायचं नाही म्हणून कपाटाला छाती टेकवून कुलूप उघडायचे. मी नवीन लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, सर कपाटाच्या पाया पडताहेत!

एकोणीस वर्षांत त्यांनी एक रजा घेतली नव्हती. "मी नसलो तर शाळा चालेल का हो?" विचारायचे. आम्ही लगेच "छे छे!" म्हणायचो. चुकलंच आमचं.

०

मग सरांच्या मुलीचं, नंदाचं लग्न ठरलं. कोल्हापूरला. एक दिवस सरांच्या घरच्या काकू तरातरा शाळेत आल्या.

"हे म्हणतात, सकाळी येतो, अक्षता टाकतो आणि दुपारच्या बसनं परत! एकुलती एक लेक आहे. कन्यादान काय हाफ डे टाकून करायचं?"

बोलता बोलता काकूंचे डोळे भरले. नंदा आमच्याच शाळेत शिकलेली. गॅदरिंगमध्ये नाचताना पोरगी स्टेजवरून बाबांना शोधायची, आणि बाबा कुठे? पडद्याची दोरी धरून विंगेत! दोरीसुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. मला फार वाईट वाटलं. तिच्या लग्नात तरी बाप समोर पाहिजे, सरांना आठ दिवस रजेवर धाडायचंच करून मी ठरवलं.

०

तेवढ्यात देव पावला. हुबळीला हेडमास्तरांचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं. विषय काय? शाळेत लीडरशिप टीम कशी बांधावी! सर परत आले ते अंगात आल्यासारखे.

"एकट्यानं शाळा चालवायची नसते! टीम पाहिजे! जबाबदारी वाटायची!"

येताना तिथल्या दुर्गदबैल बाजारातून पितळी बिल्लेही करून आणलेले. कुणाला कुठलं खातं हे ठरलंच नव्हतं, म्हणून सगळ्या बिल्ल्यांवर नुसतं "इन-चार्ज". आणि खाती वाटायची पद्धत सरांची स्वतःची. जो तक्रार करील, तोच त्या कामाचा इन-चार्ज!

मी म्हटलं, "सर, नळाला पाणी नाही."

"छान! पाणी इन-चार्ज, हुदलीकरबाई!" बिल्ला माझ्या पदराला.

खेळाचे पाटील सर म्हणाले, "मीटिंग फार लांबते." ते झाले वेळ इन-चार्ज.

बसण्णा दारातून म्हणाला, "सर, तुमी हात दाखवल्यावर घंटा बडवायची म्हणजे दिवसभर तुमाकडंच बघत बसावं लागतंय की!" झाला घंटा इन-चार्ज.

त्यानंतर स्टाफरूममध्ये अशी शांतता पसरली म्हणता! तक्रार करायची कुणाची छाती होईना. पावसात छप्पर गळलं तरी सगळे म्हणायचे, "काय छान गारवा आलाय!"

०

पुढच्या मीटिंगला सर शिस्तीवर बोलायला उभे राहिले. वीस मिनिटं झाली. पाटील सरांनी खिशातून शिट्टी काढली आणि फुर्रर्र!

"सर, टाइम संपला."

"अहो पाटील, मी हेडमास्तर आहे!"

"होय की सर. पण वेळेचा इन-चार्ज मी आहे."

सरांनी आशेनं बसण्णाकडं बघितलं. बसण्णानं घंटा वाजवली! मग काय झालं असेल? बसले हो, मुकाट्यानं बसले. आम्ही पोट धरून हसलो, शेवटी तेही हसले. तीच संधी साधून मी त्यांच्याच रजेचा अर्ज पुढं केला. सरांनी सही केली.

जाताना सगळ्या किल्ल्या देऊन गेले. फोनच्या डायलची आणि जानव्याची तेवढी विसरले. विसरले असंच म्हणू या आपण.

०

आणि बघा नशीब! ऐन लग्नाच्या दिवशी सकाळी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला दारात हजर.

"इथं इन-चार्ज कोण?"

आम्ही तिघंही एकदम पुढं झालो, बिल्ले चमकवत. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि रजिस्टरं मागितली. किल्ली कोल्हापुरात, सोवळ्याच्या आत!

बसण्णा शांत. "बाई, जरा बाजूला व्हा."

त्यानं आणि पाटील सरांनी कपाट भिंतीपासून फिरवलं. मागची फळी बसण्णानं नुसती बोटानं उचलली, खिळा एकही नाही! आतून रजिस्टरं काढून साहेबांपुढं ठेवली.

"अरे, हे कधीपासून?" मी विचारलं.

"तुमी लागायच्या आधीपासनं. सर जेवायला गेल्यावर वर्गात खडू कुठनं येत होते म्हणता?"

साहेबांनी कुलपाकडं बोट दाखवलं. "मग हे कशाला?"

"ते सरांसाठी, साहेब. त्यांना बरं वाटतंय."

०

साहेब रजिस्टर चाळत होते आणि फोन वाजला. कोल्हापूरहून, मांडवाशेजारच्या एसटीडी बूथवरून सर! गेल्यापासून रोजचाच फोन. मागं सनई ऐकू येत होती.

"बाई, काही तक्रार?"

"नाही सर."

"पाणी?"

"आहे."

"घंटा?"

"वेळेवर."

"काहीच तक्रार नाही?" आवाजच बदलला. "एकोणीस वर्षांत असा दिवस गेला नाही. तुम्ही काहीतरी लपवताय! मी निघालो, आत्ताची बस मिळेल."

मागून काकू ओरडल्या, "अहो, अंतरपाट धरलाय!" आणि त्याच्याही मागून बारीक आवाजात "बाबा!"

तपासणी आहे म्हणावं तर पळत येतील, नाही म्हणावं तर निघालेच आहेत. काय सुचलं कोण जाणे, मी किंचाळलेच, "सर, तक्रार आहे!"

"हं! कसली?" केवढा जीव भांड्यात पडला हो त्यांचा!

"तुम्ही सारखा फोन करता, ही!"

सर सवयीनं म्हणाले, "मग आजपासून फोन इन-चार्ज तुम्ही!"

"झाले ना? मग इन-चार्ज म्हणून सांगते. फोन ठेवा आणि मांडवात जा!"

फोन ठेवल्याचा आवाज आला.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाला झापलंत एवढं?"

"हेडमास्तरांना, साहेब."

साहेबांनी पेन काढलं.

०

आठ दिवसांनी सर आले, बुंदीचे लाडू घेऊन. तपासणीचं कळल्यावर लाडूचा डबा तसाच ठेवून कपाटाकडं धावले. छाती टेकवली, कुलूप उघडलं आणि शेऱ्याचं बुक काढलं. साहेबांचा शेरा कन्नडमध्ये होता, तो आम्हाला मराठीत वाचून दाखवला: "मुख्याध्यापक रजेवर आहेत. शाळेच्या हे लक्षात आलेलं दिसत नाही."

सरांनी तो मनातल्या मनात परत एकदा वाचला.

मग सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. चार दिवसांच्या रजेचा अर्ज!

"नंदा म्हणाली, बाबा, आता राहायला या." आमच्या तीन बिल्ल्यांकडं आळीपाळीनं बघत त्यांनी विचारलं, "हा कुणाकडं द्यायचा?"

बसण्णानं हात पुढं केला. "द्या सर. कपाटात ठेवतो."

"थांब, किल्ली देतो," म्हणत सरांचा हात दुसऱ्या बटणाकडं गेला.

"नको सर," बसण्णा म्हणाला, "ती राहू द्या तुमाकडं."