भाडं खोलीचं, डोक्याचं नाही

खोल्या भाड्यानं देणाऱ्या माणसाकडे पैसा किती साठतो ते मला काही कळलं नाही, किस्से मात्र साठतात. भाडं आलं तसं खर्चून जातं. किस्से कोणी उधारीवरसुद्धा नेत नाही, मग ते घरातच पडून राहतात. बसा, थोडे तुम्हाला देतो.

मी हिंगोलीत जन्मभर गवंडीकाम केलं. घरामागं चार खोल्या स्वतःच्या हातानं बांधल्या, वर पत्रा टाकला. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास खेड्यापाड्यांतून डी.एड.ला, आयटीआयला, पोलीस भरतीला पोरं यायला लागली आणि माझ्या खोल्या भरल्या. एकेका खोलीत तिघं-चौघं. सगळी मला मामा म्हणायची.

माझी अट एकच. भाडं खोलीचं, डोक्याचं नाही. जून ते एप्रिल. मधेच कोणी उठून गेला तर त्याचा हिस्सा उरलेल्यांनी भरायचा, नाहीतर जाणाऱ्यानं आपल्या जागेवर बदली माणूस आणून द्यायचा. ऐकायला सोपं आहे. पण घरून जेमतेम पैसा येणाऱ्या पोरावर दुसऱ्याचा हिस्सा पडला, की त्याचंही गाठोडं बांधलं जायचं आणि वर्ष बुडायचं. म्हणून कोणी जायचं नाव काढलं, की दोस्त आधी त्याच्या सामानाकडे बघायचे!

*

आयटीआयची तिघं होती. त्यांतला दत्ता दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही.

बाकीचे दोघं निवांत. का, तर दत्ताची पत्र्याची पेटी खोलीत होती. कुलूप लावलेली, आणि जड इतकी, की सरकवायला दोघं लागत.

"पेटी हाय तवर दत्ता हाय, मामा! एवढं सामान सोडून कोण जातंय?"

संक्रांत झाली तरी दत्ताचा पत्ता नाही. मग मला साक्षीला उभं करून त्यांनी कुलूप तोडलं. वर एक विटका स्वेटर. स्वेटराखाली विटा! वाजू नयेत म्हणून मधेमधे चिंध्या कोंबलेल्या.

मी एक वीट हातात घेतली आणि ओळखली. न्हाणीसाठी आणून रचलेल्या माझ्याच विटा होत्या.

दोघांनी पेटीतल्या विटा मोजून काढल्या. मग एकजण हळूच म्हणाला, "मामा, तेवढ्या भाड्यात धरा की!"

*

दुसऱ्या खोलीत शिरड शहापूरचे दोघं चुलतभाऊ. दोघांनी मिळून टेबल फॅन घेतला होता. पत्र्याखाली मार्चपासूनच अंगाची भट्टी होते, म्हणून त्या पंख्यावर दोघांचा फार जीव.

धाकट्याचं भरतीत काही जमलं नाही. तो परत निघाला. थोरला म्हणाला, "एप्रिलपर्यंतचा हिस्सा टाक." धाकटा म्हणाला, "आधी अर्ध्या पंख्याचे पैसे टाक."

मी मध्ये पडलो. "अरे, पंखा थोरल्याला राहू दे, भाडं त्यानं सोडून द्यावं. बराबर हाय का न्हाई?" दोघांनाही ते बराबर वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं पान्यानं पंख्याचं पातं खोललं, टॉवेलात गुंडाळलं आणि काखेत मारून निघाला.

मी विचारलं, "काहून रे? नुसत्या पात्याचं तू काय करणार?"

"काही न्हाई, मामा. त्यानं वारा खाऊ नये."

*

डोंगरकडा गावच्या एका पोराला मात्र मी मानत होतो. त्याला मधेच नोकरी लागली. एप्रिलपर्यंतचा आपला हिस्सा त्यानं सगळा भरून टाकला आणि म्हणाला, "मामा, बदली माणूस बी आणून देतो. भरलेली जागा रिकामी काहून ठेवायची?"

बदली माणूस म्हणून त्यानं आपला बाप आणून सोडला.

म्हातारा खोकल्यानं बेजार. घोंगडी टाकून कोपऱ्यात बसायचा. पोरं मोठ्यानं वाचायला लागली की म्हणायची, "बाबा, तकलीफ होऊन राहिली का?" तो म्हणायचा, "वाचा, वाचा. म्या बी ऐकून राहिलो." पोरांच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी अंघोळ करून तोच तयार!

एप्रिल संपला. पोरं गाशा गुंडाळून गावोगाव गेली. म्हातारा तिथंच.

म्हणालो, "बाबा, आता घरी निघा. पोरगं न्यायला येणार असंल न?"

तो म्हणाला, "सूनबाई म्हणती घरात जागा न्हाई. पोरगं म्हणलं, एप्रिलपर्यंत तुमची सोय केली."

खोकून घेतलं. मग मलाच विचारलं, "मे महिन्याचं ते तुमाला काही बोललं का हो, मालक?"

*

पोरींना मी मागच्या खोल्या देत नसे. पुढची एक खोली, आमच्या स्वयंपाकघराला लागून, ती रेखा आणि सुनंदाला दिली होती. दोघी डी.एड.च्या, एका चटईवर अभ्यास, एका ताटात जेवण.

परीक्षा तोंडावर असताना सुनंदाचा बाप जीप घेऊन आला. लग्न जमलं होतं, नरसीला. पोरीला सांगायला नाही, न्यायलाच आला होता. ती वह्या बांधायला लागली तर म्हणाला, "त्या राहू दे. त्याचं आता काम न्हाई."

रेखा अडचणीत आली. तिच्या भावानं आधीच बजावलं होतं, की अर्ध्या हिश्शाच्या वर एक पैसा देणार नाही, जमत नसेल तर घरी ये. तिनं सुनंदाच्या बापाला विचारलं, "काका, हिचा हिस्सा?"

"पोरगी आता आमची राहिली न्हाई, बाई. तिच्या सासरी माग!"

रेखा खरंच नरसीला गेली. लग्नात जाऊन नवऱ्या मुलाकडे भाडं मागणार! आमच्या हिनं तिला परोपरीनं सांगून पाहिलं. पण वर्ष बुडायची पाळी आलेल्या माणसाला लाज परवडत नाही.

संध्याकाळी परत आली ती दारातच बसली.

मी विचारलं, "मिळालं का काही?"

"मागितलंच न्हाई, मामा. अक्षता टाकायला जवळ गेले तर सुनंदानं माझा हात धरला. म्हणली, माझी जागा कोणाला दिली न्हाईस न?"

*

आता उत्तमचं सांगतो.

उत्तम औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा. बालाजी आणि गजाननच्या खोलीत तिसरा. मान खाली घालून जाणारं, मान खाली घालून येणारं पोरगं. त्याच्या घरून भाड्याला पैसा यायचा बंद झाला. दोघांनी थोडे दिवस ओढलं. ते तरी कुठले श्रीमंत! संक्रांतीनंतर एक दिवस बालाजी म्हणाला, "उत्तम, हिस्सा टाक, न्हाई तर जागा सोड. आमी किती ओढावं?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमनं वळकटी बांधली आणि माझ्या पाया पडला.

"घरी चालला का, बाबा?"

"व्हय, मामा."

त्याचा डबा रोज दुपारच्या एसटीनं यायचा. फाट्यावर त्याची आई तो ड्रायव्हरजवळ ठेवायची, पोरानं स्टँडवर उतरवून घ्यायचा, आणि रिकामा संध्याकाळच्या गाडीत ठेवायचा. आमच्या भागातली पुष्कळ पोरं अशीच शिकली. उत्तम गेला, तरी डबा येतच राहिला. कंडक्टरनं तो स्टँडवर भेटलेल्या बालाजीच्या हातात दिला, "तुमच्या खोलीचा हाय, घ्या!"

बालाजीनं बसून विचार केला आणि उलगडा केला. "त्याच्या घरचे इमानदार हायेत, मामा. रोख न्हाई म्हणून भाड्यात भाकर पाठवून राहिले."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. पैसा नसला की ज्वारी देऊन, तूर देऊन देणं फेडणारी माणसं इकडे घरोघर आहेत. दोघं रोज जेवायचे. गजानन जरा हळवा, तो डबा घासूनपुसून परत पाठवायचा.

होळी हा तांड्यावरचा मोठा सण. कुठंही गेलेला माणूस होळीला घरी येतो. होळी झाली आणि दुपारच्या गाडीनं उत्तमची आई स्वतःच डबा घेऊन आली.

"उत्तम कॉलेजातून आला न्हाई का अजून?"

बालाजी म्हणाला, "तो तर घरीच हाय न, मावशी."

"कोणाच्या घरी?"

 तिनं मांडीवरच्या डब्यावर हात ठेवला.

"डबा तर रोज रिकामा येऊन राहिला. धुतलेला येऊन राहिला. म्या त्याच्या बापाला म्हणलं बी, लेकरू शहाणं झालं, आता डबा धुऊन पाठवतंय."

गजानन उठून बाहेर गेला.

आम्ही पोलिसांत गेलो. त्या संध्याकाळी ती एकटीच परतीच्या गाडीत बसली, आणि तिच्याकडून कळल्यावर त्याचा बाप तिकडूनच नांदेडकडे शोधायला निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघंही पोरं स्टँडवर जाईनात. मी गेलो. गाडी आली. कंडक्टरनं फडक्यात बांधलेला डबा खाली दिला. गरम होता.

मी म्हणालो, "भाऊ, तिला सांगा, आता पाठवू नको. खाणारा इथं न्हाई."

"सांगून पाहिलं, मामा. बाई म्हणली, कोणीबी खा, पण डबा धुऊन पाठवा."