सौंदत्तीच्या दिवसाचा कागद

सौंदत्तीला एका दिवसात जाऊन यायचा बेत मी वहीच्या पानावर लिहिला होता. ते पान अजून माझ्या पेटीत आहे.

मी मॅट्रिक झालो तर यल्लम्माला हिरवा चुडा आणि लुगडं वाहीन, असा नवस आई बोलली होती. मी पास झालो, कोल्हापूरला कॉलेजात गेलो, आणि दीड वर्ष झालं तरी नवस तसाच राहिला. आमच्या गावाहून, येळ्ळूरहून, बैलगाड्या सौंदत्तीला जात, पण जाऊन यायला पाच दिवस लागत. आमची म्हैस आईच्या हाताशिवाय पान्हा सोडत नसे. त्यामुळे आई कधी रात्रीपुरतीही परगावी राहत नसे.

मग मला मोटारीचं सुचलं. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. तरीही बेळगावच्या मोटारस्टँडवर चौकशी करून मी वेळा लिहून आणल्या. पहाटे धार काढून निघायचं. बेळगावपर्यंत चालत. सातची मोटार. अकरापर्यंत सौंदत्ती, पुढं डोंगरावर टांगा. दर्शन, ओटी. दोनची परतीची मोटार. दिवेलागणीला बेळगाव, आठपर्यंत घरी, म्हशीला फार तर दोन तास उशीर. दोघांना खिडकीजवळची जागा, हेही मी लिहिलं होतं.

खरं सांगायचं तर नवस हे माझं निमित्त होतं. वसतिगृहात राहायला लागल्यापासून आई माझ्याशी जरा जपून बोलू लागली होती. मी घरी गेलो की बसायला पाट देई, पाहुण्याला विचारावं तसं "अजून वाढू का?" विचारी, आणि पुन्हा गोठ्यात जाई. मला तिच्याबरोबर एक सबंध दिवस हवा होता. मोटारीत तिला उठून कुठं जाता आलं नसतं.

नाताळच्या सुट्टीत घरी आलो आणि जेवताना आई-आप्पांना पान वाचून दाखवलं. आई सगळं ऐकत होती. मोटारीचं आलं तेव्हा तिच्या तोंडावर हसू आलं. मग तिनं विचारलं, "कवा म्हणालास?"

"परवा."

तिनं हातातली भाकरी परातीत ठेवली. "आरं बाळा, पुनव झाली न्हवं का. देवी रांडावलीया आता. तिच्या हातात बांगड्या न्हाईत. हिरवा चुडा घेऊन कसं जायाचं तिच्या दारात?"

मार्गशीर्षातल्या पुनवेला देवीचा चुडा फुटतो आणि माघातल्या पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी कॉलेजच्या सुट्ट्या तेवढ्या बघितल्या होत्या.

"कॉलेजात पंचांग दावत न्हाईत व्हय रं?" आप्पा म्हणाले.

"असू दे वो," आई म्हणाली, "पोरानं मोटारीचं तर समदं बराबर लिवलंय."

माघात माझी परीक्षा होती. मे महिन्यात जाऊ, असं मी जाताना म्हणालो. आईनं मान हलवली.

मे महिन्यात आलो तर देव्हाऱ्यात यल्लम्माचा भंडारा होता. माघातल्या पुनवेला आई गावच्या गाड्यांबरोबर जाऊन आली होती. "देवीचं देणं लई दिस ठेवू न्हाय," ती म्हणाली.

"आणि म्हैस?"

"तुझी चुलती माझं लुगडं नेसून धारंला बसली. वासावर गेली म्हस. दिली की धार."

पाच दिवस. ज्या म्हशीसाठी मी मिनिटं जुळवत बसलो होतो, तिला एक जुनं लुगडं पुरलं होतं. माझी मे महिन्याची सुट्टी मोकळीच होती. मोटार होती, म्हशीचीही सोय झाली होती, आणि जायला आता कारण नव्हतं. मी तरी एकदा विचारलं, "आपण दोघं जाऊया का गं, असंच?"

"असंच?" ती हसली. "असंच कोण जातं देवाला?"

ती धारेची चरवी घेऊन उठली. दारातून म्हणाली, "येताना वाटंत तुझी ती मोटार आमच्या गाडीला आडवी गेली. धूर लई व्हता. खिडकीशी कोण बसलंय ते बगाय मिळालं न्हाय बग."

मी तिच्या मागं गोठ्यात गेलो आणि धार संपेपर्यंत तिथंच उभा राहिलो.