पवनीचा गुंड

"सापडला का बे, मास्तर?" दिवाकरने विचारलं.

धंतोलीतल्या एका दवाखान्याचा तिसरा मजला, दुपारची वेळ. त्याच्या नाकात नळी, आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. खिडकीखाली साऱ्या विदर्भातून आलेली माणसं डबे उघडून जेवायला बसलेली. तो दवाखान्यात पडल्यापासून रविवारी सकाळी जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन शोधायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि सोमवारी त्याचा हा प्रश्न ठरलेला होता. चार सोमवार मी "नाही" म्हणालो. पाचव्या सोमवारी त्याचे डोळे पाहिले आणि म्हणालो, "सापडला."

"कुठं?"

"इतवारीत. मोडीवाल्याच्या तराजूवर चढून बसला होता. भट्टीत जायले पाच मिनिटं बाकी. मी तराजूवरच हात ठेवला. तो म्हणे, काका हात काढा, वजन वाढून राहिलं."

दिवाकर हसला. हसता हसता खोकला, आणि नर्सने माझ्याकडे असं पाहिलं, जणू नळी मीच घातली असावी.

"नाव वाचलं?"

"वाचलं."

"पवनी?"

"पवनी."

त्याने डोळे मिटले. "सुमनले तू सांगू नको," तो म्हणाला. "मी सांगतो…"

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनींचा फोन आला, दिवाकर गेला. आज त्याला सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी जेवढा दमलो, तेवढा पस्तीस वर्षं पोरांना गणित शिकवूनही दमलो नव्हतो. मी जन्माचा थापाड्या. माझ्या वर्गात बिबट्या येऊन शेवटच्या बाकावर बसला होता आणि अपूर्णांक सुरू झाल्यावर आपणहून निघून गेला, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता मला त्या बिबट्याचा चेहरा आठवतो. त्या थापांनी कधी कोणाचं काही बिघडलं नाही. ही एकच थाप मी दयेपोटी मारली, आणि तिनेच मला गाठलं.

पण आधी माणूस सांगतो. दिवाकर वीज खात्यातून निवृत्त झालेला, सहा फुटी, किडकिडीत. वादळात खांब पडला तर हा त्या जागी उभा राहील असं लोक म्हणायचे. त्याने नवी वस्तू विकत घेतलेली मी एकदाच पाहिली, ती म्हणजे औषधं. बाकी सगळं जुनं. रामदासपेठेत एका गल्लीत एका ट्रस्टचं दुकान आहे. लोक घरातल्या नको झालेल्या वस्तू तिथे आणून देतात, आणि विक्रीच्या पैशांतून दवाखान्यांत पडलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांना जेवण मिळतं. दुकान चालवणाऱ्या बाई पूर्वी कुठेतरी मेट्रन होत्या. अजूनही त्या गिऱ्हाइकाकडे ताप मोजायचा असल्यासारख्या पाहतात. घासाघीस केली की म्हणायच्या, "इथं भाव कमी होत नाही. वाढवून देता येते."

त्या दुकानात दिवाकर शिरला की त्याचे कान उभे राहायचे. कपड्यांच्या ढिगात तो कोपरापर्यंत हात घालायचा आणि डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने सांगायचा, "सुती आहे. पण कॉलर गेली." आमची वाटणी ठरलेली होती. वस्तू त्याने शोधायची आणि तिची गोष्ट मी लावायची. मूठ मोडलेली छत्री सापडली, की ती अशा एका न्यायाधीशाची निघायची ज्याने तिच्या टोकाने बोट दाखवून तिघांना निर्दोष सोडलं होतं. फुटका कंदील असेल, तर त्याच्या उजेडात कोणीतरी पळून जाऊन लग्न केलेलं असायचं. "मास्तर, गोष्ट लाव," तो म्हणायचा, आणि गोष्ट लागली की वस्तू छातीशी धरायचा. "पाहा! इतक्या स्वस्तात इतका मोठा माणूस घरी येऊन राहिला."

सुमनवहिनींनी या सगळ्यावर एकच नियम केला होता. एक वस्तू घरात आणली की एक बाहेर न्यायची. नियम चांगला होता, घात त्यानेच केला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना. नागपूरचा मे, म्हणजे कावळे सावलीतसुद्धा एका पायावर उभे राहतात, दुसरा थंड व्हायला वर धरतात. अशा दिवसांत याला दुकानात लोकरीचा ओव्हरकोट सापडला. गुडघ्याच्या खालपर्यंत, खिशाला भोक. मी ताबडतोब सांगितलं की ते भोक वाघाच्या दाताचं आहे. मग काय! कोट घरी आला, आणि नियमाप्रमाणे एक वस्तू बाहेर न्यायला दिवाकर माळ्यावर चढला. हाताला एक काळंकुट्ट, धुळीने माखलेलं भांडं लागलं. पोत्यात घातलं, दुकानात देऊन आला.

तो वहिनींचा गुंड होता. गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचा पितळेचा मोठा घडा. पुण्यामुंबईच्या वाचकांनी पोलिसांना फोन करू नये. वहिनींच्या आईने तो त्यांना लग्नात दिला होता. स्वतःच्या लग्नातला, स्वतःचं नाव टाकलेला, खाली गावाचं नाव – पवनी. नळ आल्यावर तो माळ्यावर गेला होता, एवढंच.

दोन दिवसांनी उलगडा झाला. दिवाकर दुकानाकडे पळाला, मागे मी. मेट्रनबाई म्हणाल्या, "पितळ इथं दोन दिवस टिकते काय? गेला."

"कोणी नेला?"

"मी गिऱ्हाइकाची जात-पात, नाव-गाव विचारत नाही. तुमचं तरी विचारलं का आजवर?"

घरी आलो. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. वहिनी कणीक मळत होत्या. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या. कोणाच्या घरी पाणी भरत असन." पुन्हा मळू लागल्या. त्यांनी लाटणं उगारलं असतं तर दिवाकर वाचला असता. पण त्या रागावल्या नाहीत, त्या दिवशी नाही, नंतरही नाही. ते न रागावणं तो नऊ वर्षं अंगावर घालून फिरला, त्या कोटासारखं, भर उन्हात.

तेव्हापासून आमच्या हुडकण्यातली मजा गेली नाही, पण तिला एक टोचणी लागली. आधी तो पितळेकडे जायचा. प्रत्येक भांडं उजेडात धरून नाव वाचायचा, मग ढिगात हात घालायचा. मी मेट्रनबाईंना बोलण्यात गुंतवून ठेवायचो. कामठी झाली, उमरेड झालं. उमरेडला तर एका लग्नात हा स्वयंपाक्यांच्या मांडवात शिरला आणि पाण्याने भरलेला गुंड नाव वाचायला तिरपा केला. पाणी चुलीत. हजार माणसांचा वरणभात अर्धा कच्चा. मुलीचे मामा धावत आले. "कोण हो तुम्ही?" मी पुढे झालो आणि सांगितलं की हे भांड्यांचे सरकारी इन्स्पेक्टर आहेत, कल्हईची तपासणी सुरू आहे. मामांनी आम्हाला पहिल्या पंगतीत बसवलं. हजार माणसं मी आत्ता वाढवली, दोनशे असतील. पण पंगतीत दिवाकर जेवला नाही हे खरं. "तिथंही नव्हता बे," एवढंच म्हणाला.

तर… तेरवीला वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी सांगतलं मले. गुंड तुमच्याकडे आहे म्हणे. सवडीनं आणा. मी महिनाभरात पोरीकडे चालली, मनीषनगरले. बाकी सारं दुकानात देऊन टाकते. तेवढा एक गुंड नेईन सोबत."

मी मान हलवली. ज्या माणसाला बिबट्याला बाकावर बसवता येतं, त्याला त्या वेळी एक "नाही" म्हणता आलं नाही.

मग मी एकटा निघालो. रामदासपेठ, इतवारी, फुटपाथवरचे बाजार, मोडीवाल्यांची दुकानं. गुडघे कुरकुरत होते. एकट्याने हुडकण्यात काही राम नसतो हो. कपड्यांच्या ढिगाला धुळीचा वास येतो, वस्तू नुसत्या जुन्या दिसतात. एकदा एक पितळी घंटा हातात आली आणि सवयीने मी गोष्ट लावायला तोंड उघडलं… शेजारी एक अनोळखी बाई उभी होती. घंटा ठेवून दिली. पवनी कुठेच नव्हती. बहुधा मोडीतच गेली असेल, पहिल्याच आठवड्यात. हे दिवाकरलाही ठाऊक असणार.

शेवटी मी ठरवलं, थाप मारलीच आहे तर ती पुरती करावी. मेट्रनबाईंकडे एक जुना गुंड आला होता, नाव नसलेला. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं. "घासाघीस नाही करत आज?" त्या म्हणाल्या. मी वाढवून दिले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहायचंच बाकी ठेवलं.

गुंड घेऊन इतवारीत भांड्यांवर नाव टाकणाऱ्याकडे गेलो. त्याने गुंड मांडीत घेतला, मशीन सुरू केलं. "बोला काका, नाव काय टाकू?"

आणि मला नाव येईना.

नऊ वर्षं मी वहिनींच्या आईचा गुंड शोधत होतो आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. नाव वाचायचं काम दिवाकरचं होतं. मी सदा मेट्रनबाईंशी गप्पा मारत दाराशी. मला फक्त पवनी ठाऊक. आयुष्यभर शेकडो माणसं कल्पनेने उभी केली, नावानिशी, खानदानासकट, आणि ही एक खरी बाई मी विचारली नव्हती. नाव टाकणारा म्हणाला, "आठवलं की या."

वहिनींच्या घरी गेलो तेव्हा त्या वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या. गुंडाची पिशवी मी दाराआड ठेवली आणि शक्य तितक्या सहज म्हणालो, "वहिनी, तुमच्या आईचं नाव काय होतं?"

त्यांचा हात थांबला. "काहून?"

"असंच."

"गुंडावर आहे नं," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचलं म्हणे."

मी खूप शोधलं. सगळे कप्पे उघडले, एक थाप सापडली नाही. "नाही वाचलं, वहिनी. गुंड नाही सापडला. मी त्याले खोटं सांगतलं."

त्या कपबशांच्या मधोमध खाली बसल्या.

"माह्या बहिणीले फोन केला मी पवनीले," त्या म्हणाल्या. "ती येऊन राहिली पाहाले, शनिवारी. तुमच्या साऱ्या गोष्टींवर हासत आली मी, भाऊजी. ही काहून सांगतली?"

"त्याच्याकडे पाहवलं नाही."

त्यांनी एक बशी गुंडाळली. उलगडली. पुन्हा गुंडाळली. "मले सांगतांना किती हासले… म्हणे, सुमन, सापडला, आता तरी रागाव माह्यावर. मी म्हटलं, घरी तर या, मग पाहते तुमच्याकडे."

आणि तो घरी आला नाही.

"पिशवीत काय आहे?" त्यांनी विचारलं. मी गुंड काढून समोर ठेवला. त्यांनी तो फिरवून पाहिला, काठावरून बोट फिरवलं. "कोरा."

"तुमच्या आईचं नाव टाकणार होतो."

"थाप माराले बी नाव लागते, भाऊजी," त्या म्हणाल्या. हसल्या की काय, मला कळलं नाही. "भागीरथी. भागीरथी नाव होतं आईचं. पण ते याच्यावर नका टाकू. आईचा गुंड असन कुठं तरी, नसन तरी तो आईचाच. याच्यावर ह्यांचं टाका." पदराला हात पुसून उठल्या. "चला, मी येते."

इतवारीत नाव टाकणाऱ्याने मला ओळखलं. "आठवलं का, काका?" मी तोंड उघडलं तेवढ्यात वहिनींनी माझ्या दंडावर हात ठेवला. त्यांच्या घरी मी चाळीसेक वर्षं चहा पीत आलो. 'हे', 'अहो', 'ऐकलं का' यापलीकडे त्यांच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालं नव्हतं. हळदीकुंकवाला बाया उखाण्यासाठी अडवायच्या, तर ह्या वाणाची वाटी तिथेच टाकून पळून यायच्या.

"दिवाकर," त्या म्हणाल्या.

"जोरात बोला बाई, मशीनचा आवाज आहे."

"दिवाकर!" शेजारच्या तीन दुकानांतली माणसं वळून पाहू लागली. हे मी वाढवून सांगत नाही.

शनिवारी पवनीहून बहीण आली, तिला वहिनींनी खरं तेच सांगितलं. मग सामान हललं. गेल्या रविवारी मी रामदासपेठेत गेलो नाही. मनीषनगरला वहिनींना भेटायला गेलो. बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी चहा घेऊन आली. आत नळ सुरू होता, गुंडात पाणी पडल्याचा आवाज आधी मोठा, मग भरत आला तसा बारीक होत गेला. त्यावर वहिनींचा आवाज चढत होता. "डोळे फुटले होते का तुमचे? धुळीचं भांडं दिसलं की उचललं? एकदा हाक मारून विचाराले काय झालं होतं, हो? माही आई होती ती…"

मुलगी दचकली. "काका, आई कोणाशी भांडून राहिली?"

ती उठून आत जाणार होती. मी तिच्या हातातला ट्रे धरला.

"बस तू," मी म्हणालो. "भांडू दे."