बाईंनी पुरं केलेलं वाक्य

शाळेत त्यांना सगळे ‘मगतुला बाई’ म्हणत, अर्थात पाठीमागे. बाई वरच्या वर्गांना जागतिक साहित्य शिकवायच्या. कुठल्याशा दूरच्या मुलखातली, भाषांतरातून आलेली गोष्ट वाचून झाली की पुस्तक मिटायच्या आणि समोर दिसेल त्या पोराला विचारायच्या, “हे झालं गोष्टीचं. मग तुला काय वाटलं?” पोरं बिलंदर. “छान वाटलं, बाई,” म्हणून वेळ मारून न्यायची. शेवटी बाईंनी लिहूनच घ्यायला सुरुवात केली. अभ्यासक्रमात त्याला चिंतनलेखन असं भारदस्त नाव होतं. त्यातही बहुतेकजण पाट्या टाकत. ‘या कथेतून आपल्याला मोलाचा बोध मिळतो’ हे वाचून वाचून बाईंना बोध या शब्दाचाच वीट आला होता. तो दिसला की त्या सरळ मार्क कापायच्या.

त्यामुळे एखाद्या पानात खरं काही सापडलं की बाई हरखून जायच्या. शिक्षकखोलीत चहा गार होईपर्यंत ते पान पुन्हा पुन्हा वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायच्या. नाव मात्र सांगायच्या नाहीत. तेवढी काळजी घेतली की झालं, असं त्यांना वाटायचं.

त्या वर्षी गोष्ट होती होड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची. घरी पाहुणे आले की तो आपल्या कुबड आलेल्या भावाची ओळख ‘कामावरचा गडी’ अशी करून द्यायचा. मागच्या बाकावर बसणाऱ्या, कधी हात वर न करणाऱ्या एका मुलीनं त्यावर पानभर लिहिलं. तिचा मोठा भाऊ त्याच शाळेत वरच्या वर्गात होता. तो बोलताना अडखळायचा. तिच्या वाढदिवसाला मैत्रिणी आल्या तेव्हा तिनं ‘दादा बाहेर गेलाय’ असं ठोकून दिलं. दादा आतल्या खोलीतच होता. मैत्रिणी जाईपर्यंत त्यानं दिवा लावला नाही, साधी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. ‘त्या होडीवाल्याला नावं ठेवायला माझं तोंड नाही,’ असं तिनं शेवटी लिहिलं होतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाचून दाखवलं, आणि जीव ओतून वाचलं. वर्ग चिडीचूप झाला. ती शांतता बाईंना फार आवडली. पण अडखळत बोलणारा मुलगा अख्ख्या शाळेत एकच होता. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी कुणीतरी त्याला गाठलंच. “काय रे, आज तरी दिवा लावणार का?”

शाळा सुटताना ती मुलगी वर्गाच्या दारात थांबली.

“बाई, ते मी तुम्हाला लिहिलं होतं.”

“अगं, किती छान लिहिलंयस…”

“तुम्हाला लिहिलं होतं. वर्गाला नाही.”

एवढं बोलून ती गेली. घरी जेवताना बाईंनी हे सगळं, नळापाशी झालेलंसुद्धा, नवऱ्याच्या कानावर घातलं. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, बोलणं मोजूनमापून.

“तिला विचारलं होतंस?” तो म्हणाला.

“अहो, मी नाव थोडंच सांगितलं?”

“नाव सांगायची गरज पडली का?”



दुसऱ्या दिवशी बाई त्या मुलाला शोधत निघाल्या. तो सुतारकामाच्या खोलीत एकटाच स्टुलाच्या पायाला पॉलिशकागद घासत होता. बाई उभ्या-उभ्याच बोलल्या. चूक तुझ्या बहिणीची नाही, माझी आहे. मला माफ कर, असं सरळ म्हणाल्या. मुलानं कागद खाली ठेवला.

“बाई, मला… त… त…”

शब्द अडला. मुलाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे मिटले गेले. बाईंना ते बघवेना. त्याची सुटका करावी म्हणून त्या म्हणाल्या, “तिचा राग आलाय, हो ना? कळतं रे मला.”

मुलानं तोंड मिटलं. बाईंकडे जरा वेळ बघितलं आणि मान डोलावली, वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान द्यावा तशी. मग परत कागद उचलला.

जिना उतरता उतरता बाईंच्या लक्षात आलं, तो काहीही म्हणणार असेल. ‘तिला रागावू नका’ म्हणणार असेल, ‘तुम्ही असं का केलंत’ म्हणणार असेल. त्या कठड्याला धरून थांबल्या. वर जाऊन ‘सांग, मी थांबते’ एवढंच म्हणायचं होतं. तास सुरू झाल्याची घंटा झाली आणि त्यांनी ते उद्यावर टाकलं. उद्याचं परवावर गेलं. मग परीक्षा आल्या आणि तो मुलगा शाळा संपवून गेलासुद्धा.

बहीण वर्षभर त्यांच्याच वर्गात होती. वेळेवर लिहून द्यायची, सुवाच्य अक्षरात, शुद्धलेखनाची एक चूक नाही. प्रत्येक पानात बोध असायचा. बाई निमूटपणे पैकीच्या पैकी मार्क द्यायच्या. मार्क कापायला आपल्याला तोंड उरलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे त्यांनी कुणाचंच पान वर्गात वाचलं नाही. वाचून ज्याचं त्याला परत द्यायच्या, समासात दोन ओळी लिहून. पोरं हळूहळू मोकळेपणानं लिहू लागली. चांगली चांगली पानं आली आणि गेली. पण एखादं मनाला भिडलं की बाईंना आनंदाऐवजी धास्तीच वाटायची.

निवृत्तीनंतर बाईंचा उजवा खांदा धरला; फळ्यावर लिहून लिहून असेल. व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यात पडदा बाजूला सारून जी आली, ती तीच मुलगी. आता संसारी बाई झाली होती. तिनं लगेच ओळखलं, वाकून नमस्कारही केला. बाईंचा हात वर उचलून तो कितपत जातो ते ती मोजत होती तेवढ्यात बाईंनी विचारलं, “दादा कसा आहे तुझा?”

“बरा आहे. शीतगृहाच्या यंत्रांचं काम करतो, सारखा फिरतीवर असतो. मुलगी झाली त्याला.”

बाईंनी सुतारकामाच्या खोलीतली हकिकत सांगितली. “तो काय म्हणणार होता, ते तुला कधी बोलला का गं?”

“त्याच्या लक्षातही नसेल, बाई. त्याची वाक्यं सगळेच पुरी करायचे. आई करायची, मीही करायचे.”

“तुझीही माफी मागायची राहिली होती.”

“हात सावकाश खाली घ्या,” ती म्हणाली. आवाज मऊच होता. “खांदा सैल सोडा. आता परत वर.”

बाई घरी आल्या तेव्हा नवरा व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसला होता. “काय म्हणतोय खांदा?” त्यानं विचारलं.

“हात थोडा वर जायला लागलाय,” बाई म्हणाल्या आणि हातपाय धुवायला आत गेल्या.