भैरवीनंतर काही नसतं

एक अत्यंत गंभीर गोष्ट पूर्ण जबाबदारीनं जाहीर करतो. भैरवीतली ती सुप्रसिद्ध ठुमरी या भूतलावर एकाच माणसाला कळलेली आहे, आणि तो माणूस सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहतो. हे माझे मामेसासरे. उभं आयुष्य टॉवेलांच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे मीठ मागायचं तरी ओरडून मागतात. ठुमरीचा इतिहासही तसाच सांगतात. राज्य गेलेल्या राजानं शहर सोडताना ती रचली, अशी आख्यायिका. मामांच्या सांगण्यात राजाचा लवाजमा दरवर्षी वाढतो. यंदा त्यात दोन हत्ती आले. "पण इतकी वर्षं टिकली का, सांगा की!" असं विचारतात आणि आपण तोंड उघडायच्या आत उत्तरही देतात, "जावईबापू, निघायचं कुणाला चुकलंय? राजा जातो, लेक सासरी जाते. ज्याला त्याला वाटतं, हे आपलंच गाणं हाय."

भैरवी झाली की मैफल संपली, हा रिवाज गवयांचा. मामांनी तो साऱ्या जगाला लावला. दुसऱ्या एका भाचीच्या लग्नात सनईवाल्यानं भैरवीनंतर आणखी एक धून काढली, तर मामा हातातल्या जिलबीसकट पंगतीतून उठले. "बास! भैरवीनंतर काही नसतं!" बिचारा नवरदेव घाबरून खुर्चीतून उभा राहिला.

गेल्या उन्हाळ्यात मामी आजारी पडल्या. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा काय समजायचं ते सगळे समजले. मामी रोज म्हणायच्या, "अहो, ती आपली ठुमरी लावा की." मामा यमन लावायचे, मारवा लावायचे, एकदा तर मध्यरात्रीचा मालकंस भर दुपारी लावला. ठुमरी तेवढी त्यांना मोबाइलमध्ये सापडेना. मामांचा नियम घरात सगळ्यांना पाठ होता, म्हणून कुणी कारण विचारलं नाही.

एका सकाळी मामींनी वाट बघणं सोडलं आणि त्या स्वतःच ती ठुमरी गायला लागल्या. आवाज खोल गेलेला. सूर तर जन्मात त्यांच्या वाटेला फिरकला नव्हता. भल्या भल्या गवयांना नावं ठेवणारे मामा खाटेशी मांडी घालून, डोळे मिटून ऐकत राहिले. दम घेत घेत शेवटची ओळ संपली.

आणि मामा ओरडले, "वन्स मोअर!"