काम पाहून राह्यलो

बाबा खुर्चीवर पूर्ण कधी बसतच नसत. कडेला टेकायचे, चपला पायातच. "बसा न नीट," आई म्हणायची. "मले बसवत नाई," म्हणत ते उठायचे आणि उगाच फाटकाची कडी काढून-लावून यायचे.

इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी निघणारा, पण कुठे जातो ते कुणालाच ठाऊक नसलेला माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या नालवाडीत ते माझे बाबा होते. सूतगिरणीत फिटर होते. मी कॉलेजात असताना गिरणी बंद पडली. माझं शिक्षण संपलं, मला एका दवाखान्यात नोकरीही लागली, तरी बाबा घरीच.

सकाळी निघायचे, तासाभरात परतायचे आणि मग घरावर हल्लाच. चांगला चालता मिक्सर उघडायचे. "आवाज बदलला याचा." दुपारपर्यंत मिक्सर परातीत सुटा पडलेला. आई वैतागायची, "अवो, त्यानं तुमचं काय बिघडवलं? चटणी पाट्यावर वाटू का मी?" मिक्सर जोडून व्हायचा आणि बाबा पंख्याकडे बघू लागायचे.

पानठेल्यावरची मंडळी विचारायची, "काय भाऊ, मिळालं का काई?" त्यांच्या मनात वाईट नसे. पण बाबा दूध आणायला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले.

एकदा मुलाखतीला जाताना त्यांनी केस काळे केले. उन्हाळ्याचे दिवस. परतले तेव्हा कानामागून काळा ओघळ कॉलरवर उतरला होता. "वय झालं म्हणते," एवढंच बोलले. आईने तो शर्ट भिजवला.

मग रोहण्याहून मला पाहायला पाहुणे आले. मामाने बाबांना आधीच पढवलं होतं, "भाऊजी, ठेकेदारी करतो म्हणा. पोरीचा प्रश्न हाये." बाबांनी मान डोलावली होती. पोहे झाले आणि मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?"

बाबांनी मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "गिरणीत फिटर होतो. गिरणी बंद पडली. आता काम पाहून राह्यलो."

मामाने डोळेच मिटले. मुलाच्या वडिलांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला. "मशीनचं कोणतं काम येते तुमाले?"

मिळालं का, हे सगळेच विचारत. येतं काय, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बाबा बोलत सुटले. हातवारे करत, उठून उभे राहत, बोलतच राहिले. मुलाने आणि मी एकमेकांना काही विचारायचं राहूनच गेलं.

नकार आला. मुलाला पुण्यात नोकरी करणारी हवी होती. मामा आमच्यावर रुसला. पण थोड्या दिवसांनी मुलाच्या वडिलांचाच फोन आला, बाबांसाठी. कारंज्याला त्यांच्या साडूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन सांभाळायला माणूस हवा होता, राहायची सोय तिथेच.

"स्थळ माझ्यासाठी आलं अन् पसंत तुमी पडले," मी म्हटलं. बाबा इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या काकू डोकावल्या.

दिवाळीनंतर ते कारंज्याला राहायला गेले. आता घरात प्रत्येक वस्तू जागच्या जागी असते आणि आईला ते सोसत नाही. परवा दुपारी, जेवले का विचारायला तिने फोन लावला. पलीकडे मशीनचा गडगडाट, त्यावर बाबांचा ओरडलेला आवाज: "आता नाई वं, कामात हाओ मी! मंग करतो."

फोन कट झाला. आई तो तसाच कानाशी धरून कितीतरी वेळ उभी होती.