आधी दाखवायचं लुगडं

आमचे अण्णा शुक्रवार पेठेतल्या एका कापडदुकानात लुगडी दाखवायचे. दुकान मालकाचं, अण्णा नोकर. पण बायका येऊन अण्णांनाच विचारायच्या. त्यांची एक रीत होती. जे लुगडं खपवायचं, ते आधी बाहेर काढायचंच नाही. आधी त्याच किमतीचं, पण विटक्या रंगाचं एखादं गादीवर उलगडायचं. बायका नाकं मुरडायच्या. मग दुसरं हळूच पुढं सरकवलं, की त्याच बायका "अगं बाई, हे बघ की!" म्हणत त्याच्यावर तुटून पडायच्या. एकटं दाखवलं असतं तर त्याच लुगड्याला त्यांनी शंभर नावं ठेवली असती. जेवताना अण्णा त्या बायकांचे चेहरे करून दाखवायचे आणि आम्ही दोघी बहिणी पोट धरून हसायचो.

दुष्काळ सरला त्या साली ताईला बघायला अक्कलकोटकडची मंडळी आली. अण्णा मला म्हणाले, "ताईबरोबर तूही बाहेर ये. चहा तू आण." मी हुरळले! लोकांच्या घरी अशा वेळी धाकटीला आत दडवतात, आणि इथं मला एवढा मान! मी माझी जांभळी साडी काढली, तर आई म्हणाली, "ती नको, करडी नेस. आणि पावडर नको लावू गं." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

ताई उजळ, नाकीडोळी नीटस. मी काळी, दात पुढं आलेले. बाहेर गेल्यावर मुलाच्या आईनं आधी मला न्याहाळलं, मग ताईला, आणि तिचा चेहरा असा खुलला की मला तो ओळखीचाच वाटला. जेवताना अण्णा करून दाखवायचे तो हाच चेहरा. विटकं लुगडं मी होते. माझ्याच बापानं मला चारचौघांत उलगडून ठेवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं तर राग अण्णांचा यायला हवा होता, पण आला माझ्याच दातांचा.

ताईचं तिथंच जमलं. मंडळी गेल्यावर अण्णांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते, त्यामुळे मला धड भांडताही येईना.

पुढं माझी वेळ आली. मला एकटीलाच दाखवत होते आणि नकारामागून नकार येत होते. आई देवापुढं रडायची. अशात आणखी एक मंडळी येणार असं कळलं. त्या वेळी अण्णा मला काहीही बोलले नाहीत. दोष त्यांच्यावर ढकलायला मला जागाच नाही. मी आपल्या पायांनी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मैत्रिणीकडे गेले. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे तिचा चेहरा वणांनी भरलेला, आणि एका डोळ्यात पांढरं फूल पडलेलं.

"आमच्याकडे पाहुणे येणारेत. चहापाण्याला मदत करशील का गं?" मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

"येते की, त्यात काय," ती म्हणाली.

ती आली. दिवाळीला घेतलेली मोरपंखी साडी तिच्याकडे होती, आम्ही दोघींनी मिळून निवडलेली. पण ती नेसून आली होती धुऊन धुऊन विरलेली मातकट साडी. मला राहवलं नाही.

"अगं, ही कसली नेसलीस?"

तिनं पदर सारखा केला आणि हसली. "मग कसली नेसू? तुझं जमायला पाहिजे की."

तिला घरी जा म्हणायला तेव्हाही वेळ होता. बाहेरून अण्णांची हाक आली. मी तिला पुढं घातलं आणि तिच्या मागून बाहेर गेले.